स्नोमोबाईलचं मागचं सस्पेन्शन: घेताना किती, टिकवताना किती

मिनेसोटा, मिशिगन किंवा ऑन्टारिओत राहता, स्लेड घेतली आहे आणि उंचसखल ट्रेलवर दोन तास चालवली की कंबर धरते? मग बाहेरच्या कंपनीचं मागचं सस्पेन्शन बसवून घ्या, असं एव्हाना कोणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल. तिकडचे मेकॅनिक या अख्ख्या सांगाड्याला ‘स्किड’ म्हणतात: ट्रॅकच्या आतले दोन ॲल्युमिनिअमचे रेल, दोन आर्म, दोन शॉक, स्प्रिंग आणि चाकं. पैसे भरण्याआधी पुढचं वाचा. सगळे आकडे अमेरिकी डॉलरमधले, कर सोडून आणि ढोबळ आहेत. दुकानागणिक फरक पडेल.

पहिलं काम फुकटचं आहे. स्वतःचं वजन करा. कारखान्यातून येणाऱ्या स्प्रिंग बहुधा १८० ते २०० पौंडांचा माणूस धरून निवडलेल्या असतात. तुमचं वजन ६५ किलो, म्हणजे १४३ पौंड असेल, तर गाडी तुम्हाला दगडासारखी लागणारच. ९५ किलोच्या माणसाची तीच गाडी मागून बसते आणि प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटते. या दोघांनाही नवं स्किड नको, योग्य स्प्रिंग हवी. टॉर्शन स्प्रिंगची जोडी १०० ते १८० डॉलरला मिळते, नवं स्किड दोन ते तीन हजारांना. स्प्रिंगच्या तक्त्यात धरलेलं वजन कपड्यांसह आहे की कपड्यांविना, हे विचारून घ्या. हेल्मेट, बूट, जॅकेट आणि बिब मिळून दहा किलो सहज होतात. चुकीची स्प्रिंग परत केलीत तर बरीच दुकानं १५ ते २० टक्के कापून घेतात.

स्प्रिंग बरोबर आहे का, हे घरीच कळतं. सपाट जागा, मोजपट्टी आणि एक मदतनीस एवढं पुरे. मागचा बंपर हातांनी उचला, सस्पेन्शन पूर्ण उघडू द्या. जमिनीपासून बंपरपर्यंतची उंची मोजा. मग पूर्ण कपड्यांनिशी गाडीवर बसा, दोन-तीनदा उसळी घ्या, स्थिर व्हा. मदतनिसाला पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींमधला फरक म्हणजे सॅग. एकूण खेळाच्या पाव ते एक तृतीयांश सॅग हा चालणारा अंदाज आहे. म्हणजे मागे १४ इंच खेळ असेल तर साडेतीन ते सुमारे पावणेपाच इंच. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. सॅग कमी निघाला तर स्प्रिंगचा ताण कमी करा, जास्त निघाला तर वाढवा. समायोजन टोकाला जाऊनही आकडा जुळत नसेल तरच स्प्रिंग बदला. मागे बायको किंवा मूल बसणार असेल तर दोघांनी बसून वेगळं माप घ्या आणि दोन्ही सेटिंग लिहून ठेवा.

एवढं करूनही गाडी आपटत असेल, तर नव्या स्किडचा विचार करा. पण पाटीवरच्या किमतीवर जाऊ नका. तुमच्या मॉडेलला बसणारं माउंटिंग किट किमतीत धरलेलं आहे का? बोगद्याला (ट्रॅकवरच्या चेसिसच्या पत्र्याला, ‘टनेल’ला) नवी भोकं पाडावी लागणार का? पाडली की जुनं स्किड परत बसवता आलं तरी ती भोकं राहतात, आणि गाडी विकताना गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवतो. बसवायला तीन ते पाच तास लागतात. मजुरी तासाला ११० ते १६० डॉलर. स्किड लांब घेतलंत, समजा १२१ इंचांच्या जागी १३७, तर ट्रॅकही नवा लागेल. त्याचे ६०० ते १,००० वेगळे. त्यावर कर: मिनेसोटात राज्याचा ६.८७५ टक्के, मिशिगनमध्ये ६, ऑन्टारिओत एचएसटी १३. अमेरिकेतून कॅनडात माल मागवलात तर कुरिअर कंपनी ब्रोकरेज लावते. दारात पेटी आल्यावर ते बिल कळतं, म्हणून मागवण्याआधीच विचारा. सगळं धरलं तर अडीच हजारांचं स्किड पावणेचार-चार हजारांवर सहज जातं.

जुनं स्किड घेत असाल तर एक प्रश्न किमतीच्याही आधी: याचे सुटे भाग आज मिळतात का? मिनेसोटातल्या एव्हलेथच्या फास्ट कंपनीचं, जेरार्ड कार्पिक यांनी घडवलेलं एम-१० हे ट्रेलवरच्या आरामासाठी नाव कमावलेलं सस्पेन्शन. जुन्या गाड्यांवर ते आजही भेटतं. पण त्याचा आराम चालवणाऱ्याच्या वजनानुसार निवडलेल्या स्प्रिंगवर उभा आहे. आधीचा मालक १२० किलोचा असेल आणि तुम्ही सत्तर, तर ‘एम-१० आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नका. आयडाहोतली टिंबरस्लेड डोंगरात चालणाऱ्या गाड्यांची सस्पेन्शन बनवायची. पुढे तिचा भर मोटारसायकलला बसणाऱ्या स्नो-बाईक किटवर गेला आणि २०१५ मध्ये ती पोलॅरिसने घेतली. कंपन्या विकल्या जातात, कामाचा रोख बदलतो. म्हणून व्यवहाराआधी बुश, शाफ्ट आणि हायफॅक्स (रेलखालची पट्टी) या तीन भागांचे क्रमांक घेऊन दुकानात फोन करा. तिन्ही मिळत असतील तर पुढे बोला.

पाहायला जाताना विजेरी, फडकं आणि एक सरळ पट्टी न्या. विक्रेत्याला स्किड धुऊन ठेवायला सांगा. चिखलाखाली चीर दिसत नाही. रेल पुढे जिथे वर वळतो तिथे आणि पुढचा आर्म जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या भोकांभोवती केसाएवढी चीर शोधा. पट्टी लावून रेल वाकलेला नाही ना बघा. चीर गेलेला रेल वेल्डिंग करून दिला असेल तर सोडून द्या. नवा रेल १५० ते ३०० डॉलर, नगाला. शॉकच्या चकचकीत दांड्यावर नख फिरवा: खरवड किंवा गंजाचा ठिपका लागला तर नवं सील घालूनही तेल गळत राहील. आर्म हाताने डावी-उजवीकडे हलवा. खडखड झाली की बुश गेले. बुश स्वस्त असतात, पण त्यांच्या नादाने लांबट झालेलं भोक स्वस्तात दुरुस्त होत नाही.

आता टिकवण्याचं. इथेच बहुतेकांचे पैसे जातात, आणि थोडीथोडकी काळजी घेतली तर वाचतातही इथेच.

हायफॅक्स म्हणजे रेलखालची प्लास्टिकची पट्टी, जिच्यावरून ट्रॅक सरकतो. तिला थंड आणि ओलं ठेवतो तो भुसभुशीत बर्फ. कडक गोठलेल्या बर्फाच्या थरावर किंवा डांबरावर गाडी पळवली की पट्टी तापते, वितळते आणि ट्रॅकच्या क्लिपना चिकटते. नवी जोडी ४० ते ८० डॉलर. कडक ट्रेलवर वारंवार जात असाल तर आइस स्क्रॅचर बसवा, ६० ते १२० डॉलर. ते बर्फ खरवडून पट्टीवर उडवतात. पट्टीच्या कडेला झिजेची रेष असते. रेषेपर्यंत झिजली की बदला. महिनाभर अजून चालवू म्हणालात तर रेल घासला जाईल.

चाकांचे बेअरिंग. मागचा भाग उचलून प्रत्येक चाक बोटाने फिरवा. खरखर आली किंवा डुगडुगलं की बेअरिंग बदला, चाक तसंच ठेवा. दुकान अख्खं चाक विकायला बघेल: ३० ते ६० डॉलर. बेअरिंगच्या सीलवर क्रमांक छापलेला असतो. ६२०५ असेल तर ते आतून २५, बाहेरून ५२ आणि रुंदीला १५ मिलिमीटर. पुढे २आरएस लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. हाच क्रमांक कारखान्यांना बेअरिंग पुरवणाऱ्या दुकानात ८-१२ डॉलरला मिळतो. चाकाचं प्लास्टिक तडकलेलं असेल तरच चाक घ्या.

ग्रीस पुस्तिकेत सांगितलेल्या मैलांना, आणि ओल्या, भुसभुशीत बर्फात त्याहून लवकर. निप्पलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारा. हंगाम संपल्यावर एकदा नक्की. उन्हाळाभर आत अडकलेलं पाणी शाफ्ट खातं. धुताना प्रेशर वॉशरचा झोत बेअरिंग आणि शॉकच्या सीलवर धरू नका. गाडी उघड्या ट्रेलरवरून नेता? मग रस्त्यावर टाकलेलं मीठ स्किडवर बसतं. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा. शॉकचे दांडे या मिठानेच सर्वांत जास्त खराब होतात आणि याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही.

नवं स्किड बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० मैलांत सगळे बोल्ट पुन्हा तपासा. फुकटची तपासणी देणार का, हे बसवण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.

शॉकमधलं तेल दिसत नाही म्हणून विसरलं जातं. साधारण १,००० ते २,००० मैलांनी किंवा दर दोन हंगामांनी शॉक उघडून सील आणि तेल बदलावं लागतं. नगाला ९० ते १६० डॉलर. भाव विचारताना चार गोष्टी एकाच दमात विचारा: सील किट यात आहे का, तेल आहे का, नायट्रोजन भरणं आहे का, आणि जाण्यायेण्याचं टपाल कोणाचं? बऱ्याच दुकानांत शॉक जागेवर उघडतच नाहीत, दुसरीकडे पाठवतात. मग टपाल आणि तीन आठवडे तुमच्या माथी. पैसे वाचवायचे असतील तर शॉक स्वतः काढून हातात घेऊन जा. पूर्ण गाडी ठेवलीत तर काढण्या-बसवण्याचे एक-दोन तास लागतात आणि ‘शॉप सप्लाइज’ नावाची ओळही बिलात येते. मात्र नायट्रोजनचा शॉक घरी उघडू नका. आत २०० पीएसआयच्या आसपास दाब असतो. सुटलेला भाग डोळा घेऊ शकतो. हवेवर चालणाऱ्या शॉकला पेट्रोलपंपावरचा कॉम्प्रेसरही नको. आतली जागा इतकी लहान असते की दाब क्षणात हाताबाहेर जातो. हातपंप ४० ते ७० डॉलरला मिळतो.

पाच हंगामांचा हिशेब मांडून बघा. दोन शॉक दोनदा उघडले, नगाला १३० धरले: ५२०. हायफॅक्सच्या तीन जोड्या: १५०. बेअरिंग: १००. चार चाकं: १८०. स्प्रिंगची एक जोडी: १५०. बुश आणि बोल्ट: १००. झाले १,२०० डॉलर, आणि तेही बाकीचं काम तुमच्या हातांनी केलंत तर. स्किड घेताना हा आकडा किमतीत मिळवा.

सेटिंग बदलण्याचा क्रम चुकवू नका. आधी ट्रॅकचा ताण आणि सरळपणा. ताण पुस्तिकेप्रमाणे, ठरलेलं वजन मधोमध टांगून मोजायचा. फार घट्ट ट्रॅक हायफॅक्स आणि बेअरिंग दोन्ही खातो, फार ढिला दात सोडतो. मग सॅग. मग लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे पुढचा आर्म किती उघडेल ते ठरवणारा पट्टा: एक भोक आखूड केला की पुढच्या स्कीवर वजन वाढतं, गाडी वळणावर पकडते, हँडल जड होतं. लांब केला की उलट. वळताना गाडी सरळच जाते अशी तक्रार असेल तर इथेच बघा. मग कपलर ब्लॉक, म्हणजे पुढच्या-मागच्या आर्मची हालचाल एकमेकांशी जोडणारा ठोकळा: जास्त कपलिंग म्हणजे वेग घेताना स्की कमी उचलल्या जातात, गाडी सपाट राहते. सर्वांत शेवटी शॉकचे क्लिकर, म्हणजे डॅम्पिंग कमी-जास्त करणारी बटणं. क्लिकर आधी पूर्ण बंद करा, तिथून मोजत उघडा आणि आकडा वहीत लिहा. एका वेळी एकच बदल, त्याच ट्रेलवर, त्याच वेगाने. तीन गोष्टी एकदम फिरवल्या तर काय लागू पडलं ते कळणार नाही.

यातलं काहीही न विचारता कोणी थेट ‘शॉक रीव्हॉल्व्ह करून घ्या’ म्हणालं, तर थांबा. रीव्हॉल्व्हिंगला, म्हणजे शॉकच्या आतल्या व्हॉल्व्हची रचना बदलायला, सर्व्हिसवर नगाला आणखी ५० ते १०० डॉलर लागतात. सॅग किती निघाला, हे ज्याने विचारलं नाही त्याला ते काम देऊ नका.

दुकानात जाताना न्यायची कागदपत्रं: गाडीची नोंदणी, चेसिस क्रमांक, मॉडेलचं वर्ष, ट्रॅकची लांबी, स्किडची खरेदीपावती आणि तुमची वही. जुनं स्किड असेल तर वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, ते कंपनीकडून लेखी घ्या. अनेकदा ती फक्त पहिल्या मालकापुरतीच असते. गाडीच्या वॉरंटीबद्दल डीलर घाबरवत असेल तर अमेरिकेतल्यांनी हे लक्षात ठेवा: १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने अख्खी वॉरंटी रद्द करता येत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावं लागतं. नकार मिळाला तर कारणासह लेखी मागा. विमा कंपनीलाही पावती पाठवा. न कळवलेल्या महागड्या भागाची भरपाई चोरी झाल्यावर मागणं कठीण जातं.

आणि वेळ. मिनेसोटा आणि मिशिगनमधल्या ट्रेल १ डिसेंबरपासून खुल्या होतात, म्हणून नोव्हेंबरात सगळे एकदम दुकानात धावतात. तेव्हा आठवड्याच्या कामाला महिना लागतो. एप्रिल ते ऑगस्टमध्ये शॉक नेऊन द्या. सवलत मागितली तर मिळायची शक्यताही तेव्हाच. मिनेसोटात राहत असाल आणि तुमचा जन्म ३१ डिसेंबर १९७६ नंतरचा असेल, तर स्नोमोबाईल सुरक्षा प्रमाणपत्रही याच उन्हाळ्यात उरकून घ्या. त्याशिवाय सार्वजनिक ट्रेलवर गाडी चालवता येत नाही.