मुख्य कोणते, गौण कोणते?

साधकाच्या मार्गात वाईट गोष्टींपेक्षा चांगल्या गोष्टीच पुष्कळदा अधिक आड येतात. वाईट ते ओळखता येते आणि टाकताही येते. परंतु एखादे चांगले कर्म मुख्य कर्माच्या जागी येऊन बसले, म्हणजे त्यास उठविणे कठीण होते. म्हणून मुख्य कोणते व गौण कोणते, हा विवेक साधकास प्रथम हवा.

प्रसंग. केशिराजबास संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. 'रत्नमालास्तोत्र' ही त्यांची संस्कृत रचना प्रसिद्धच आहे. त्या काळी विद्वत्सभेत संस्कृतास जो मान होता, तो मराठीस नव्हता. त्यामुळे परमार्गाचे निरूपण संस्कृतात आणण्याचा त्यांचा प्रयत्न कोणासही स्तुत्यच वाटला असता. परंतु आचार्य श्रीनागदेव यांनी त्यांस तसे करण्यापासून निवारिले. त्यांचे कारण असे की, संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्यामुळे ज्ञानास अंतरतील. स्मृतिस्थळात ही आठवण नमूद आहे. पुढील पिढ्यांनी केशिराजबासांचे नाव स्मरणात ठेवले, ते मुख्यतः 'सूत्रपाठ' व 'दृष्टान्तपाठ' या मराठी ग्रंथांचे संकलक म्हणून.

विवरण. येथे निवड चांगले आणि वाईट यांतील नव्हती. संस्कृत रचनेने पंथाचा लौकिक वाढला असता. परंतु लौकिक गौण होता. ज्या जीवांसाठी स्वामींनी मराठीत निरूपण केले, त्यांपर्यंत ते पोहोचणे हे मुख्य होते. लौकिकाचा लाभ सोडूनही आचार्यांनी मुख्य ते राखले. मुख्य-गौणाचा निर्णय करताना त्यांनी पाहिले ते एवढेच: हे केल्याने कोण अंतरेल?

दार्ष्टान्तिक. हीच कसोटी आज आपल्या दिनचर्येस लावावी. मठाची व्यवस्था, उत्सव, प्रवचने ही सर्व आवश्यक कर्मे होत. परंतु त्यांच्या धावपळीत पहाटेचे स्मरण सुटत असेल, तर साधन साध्याच्या जागी बसले असे समजावे. प्रवचनकाराच्या जड शब्दांनी सभा डोलली, पण मागे बसलेल्या वृद्ध तपस्विनीस काही उमगले नाही, तर ते प्रवचन कोणासाठी झाले?

वासनिकाचेही तसेच आहे. शेती, नोकरी, मुलांचे शिक्षण ही कर्तव्ये टाळावयाची नाहीत. परंतु 'हे उरकले की स्मरण करू' या बोलीला अंत नसतो. एक काम उरकते तोच दुसरे दारात उभे राहते. मंदिरास देणगी देणाऱ्या सद्गृहस्थाच्या घरी दृष्टी अधू झालेली आई पोथी ऐकावयास मिळावी म्हणून वाट पाहत असते. तिला लीळाचरित्राचे एक पान वाचून दाखविण्यास पाव घटकाही लागत नाही. ती वेळ उरण्याची वाट पाहू नये. दिवसाच्या आरंभीच राखून ठेवावी आणि बाकीची कामे तिच्या मागे लावावीत.

सर्वच कामे एका देहात पुरी होत नाहीत. काही राहणारच. राहावयाचे ते गौण राहो, मुख्य न राहो, एवढी सावधानता प्रत्येकाच्या हाती आहे.