काचबंद बाल्कनी बारा महिने वापरायची तर

हौसेने बाल्कनी काचबंद करावी आणि एप्रिलपासून तिथे फक्त कपडे वाळत घालावेत, असं कितीतरी घरांत दिसतं. याचं कारण बहुधा पैसे खर्चायच्या क्रमात असतं. आधी काच, मग पडदे, मग पंखा आणि शेवटी वैतागून एसी. हा क्रम बदलला तर कमी पैशांत जास्त सुख मिळतं.

पहिला खर्च सावलीचा, आणि तोही काचेच्या बाहेर. ऊन एकदा काचेतून आत आलं की फरशी, खुर्च्या तापतात आणि ती उष्णता आतच कोंडते. जाड पडदा आतून ओढला तर पडदाच तापून बसतो. म्हणून मिस्त्रीला आधीच सांगा, ग्रिल आणि स्लायडिंगच्या मध्ये पाच-सहा इंच जागा सोडायची. तिथे बांबूची चीक टांगता येते. दहा फूट रुंद, सात फूट उंच म्हणजे सत्तर चौरस फुटांच्या तोंडाला ८० ते १५० रुपये दराने ५,६०० ते १०,५०० रुपये लागतील. तेवढेही नको असतील, तर शेतीसामानाच्या दुकानातली शेडनेट हुक-दोरीसकट पाचशे-हजारात होते. दिसायला साधी, पण काम चोख करते.

दिशा पाहूनच खर्च करा. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीला वरचा छज्जाच सावली देतो. डिसेंबरात तोच सूर्य खाली उतरून हवं असलेलं ऊन आत पाठवतो. तिथे चिकेवर पैसे घालवूच नका. पश्चिमेला मात्र उतरतं ऊन छज्ज्याखालून सरळ घुसतं, तिथे चीक हवीच.

आता काच. ॲल्युमिनियम स्लायडिंगला साधारण ४५० ते ७०० रुपये चौरस फूट, यूपीव्हीसीला ६५० ते १,००० रुपये. सत्तर चौरस फुटांना अनुक्रमे ३१,५०० ते ४९,००० आणि ४५,५०० ते ७०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. हे भाव अंदाजे आहेत. शहर, मजला आणि चौकटीच्या सेक्शनच्या जाडीनुसार फरक पडतो. दोन शटरची खिडकी अर्धीच उघडते. तीन ट्रॅकवर तीन शटर घेतले तर दोन-तृतीयांश उघडते. हवा खेळती राहण्यासाठी हे वाढीव पैसे मी आनंदाने देईन. मच्छरजाळी हवी असेल तर तिचा ट्रॅक वेगळा धरा.

सन कंट्रोल फिल्म स्वस्त वाटते, पण पश्चिमेच्या साध्या काचेवर गडद फिल्म लावली तर काच असमान तापून तडकू शकते. शिवाय हिवाळ्यातलं हवंहवंसं ऊनही अडतं.

पंखा बीएलडीसी घ्या, अडीच-साडेतीन हजारांत मिळतो. जुना पंखा ७० ते ८० वॅट ओढतो, हा ३० वॅटच्या आसपास. एसीचा विचार मात्र इतकं सगळं करूनही गैरसोय राहिली तरच करा.

पावसाळ्याचा त्रास बहुतेक वेळा खालच्या ट्रॅकमधून होतो. ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायची भोकं असतात. ती धुळीने बुजली की पाणी आत हॉलपर्यंत येतं. जूनच्या आधी काडीने साफ करा. चीक गुंडाळून आत ठेवा, नाहीतर बुरशी धरते. दर वर्षी चौकटीभोवतीचं सिलिकॉनही बघून घ्या.

काम सुरू करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि महापालिकेचा नियम विचारा. हॉल आणि बाल्कनीमधली भिंत कुणी कितीही सांगितलं तरी पाडू नका. ग्रिलला आतून उघडणारी एक खिडकी ठेवाच; आग लागली तर तीच वाट.

कोटेशनमध्ये सेक्शनची जाडी, काचेची जाडी, टफन्ड आहे की साधी, जाळी, सिलिकॉन आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. शेवटचे दहा टक्के हातात राखा, बाहेरून पाइपने दहा मिनिटं जोरात पाणी मारायला लावा, आणि आतली फरशी कोरडी राहिली की मगच पैसे चुकते करा.