आठवड्यात गोरे करणाऱ्या क्रीमचा भार मूत्रपिंडावर

प्रश्न : पत्ता नसलेल्या एका क्रीमने आठवड्यात चेहरा उजळला. त्यात पारा असतो म्हणतात. पण आम्ही रोज मासळी खातो, तिच्यातही तो असतोच ना?
– एक वाचक, मालवण

उत्तर : असतो, पण प्रकार आणि प्रमाण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांगडा-तारलीत पारा अत्यल्प, मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात थोडा अधिक. तरी तो किलोमागे फार तर एक-दोन मिलिग्रॅमच्या घरात असतो. बेकायदा क्रीममध्ये किलोमागे हजारो मिलिग्रॅम सापडले आहेत. भारतातील मर्यादा, तीही नकळत मिसळलेल्या पाऱ्यासाठी, आहे 1 मिलिग्रॅम. पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्य तयार होणे रोखतात, म्हणून चेहरा झटपट उजळतो. तेच क्षार त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडात साठतात. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातील एक तरुणी, तिची आई आणि बहीण यांच्या मूत्रपिंडविकाराचे प्रकरण उजेडात आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला.

‘मैत्रीण वर्षभर लावते, तिला काही झाले नाही,’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. मूत्रपिंडे बराच काळ तक्रार करत नाहीत. लघवीला फेस आणि पायांना सूज दिसेपर्यंत प्रथिने गळू लागलेली असतात. आणि चेहरा उन्हाने रापत असेल, तर क्रीम कशाला? त्यासाठी टोपी-ओढणी पुरते. क्रीम आजच थांबवा, लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या. डबी फेकू नका. डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.