पैसा, बँक आणि परकीय चलन शिकायचंय? आधी अभ्यासक्रम वाचा

बँकेत अधिकारी व्हायचं असेल तर बँकिंगची पदवी लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण निकालानंतर भेटायला येणाऱ्या बहुतेक पालकांच्या मनात एकच हिशेब असतो: पदवीच्या नावात ‘बँकिंग’ असलं की बँकेतली नोकरी पक्की. प्रत्यक्षात सरकारी बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसतो. रिझर्व्ह बँकेच्या ‘ग्रेड बी’ अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण जागांनाही शाखेची अट नाही. खुल्या प्रवर्गाला पदवीला ६० टक्के गुण लागतात, मग ते वनस्पतिशास्त्रातले का असेनात. वनस्पतिशास्त्राचं नाव मुद्दाम घेतलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्रात त्यांनी बक्षीसही मिळवलं. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला जगाच्या चलनव्यवस्थेची नवी घडी बसवली गेली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात ते होते.

मग हा विषय शिकायचा कशासाठी? एखादी बँक बुडते कशी, रुपया घसरला की कोणाच्या खिशातून पैसे जातात, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) वाढला की आपल्या घरकर्जाचा हप्ता का वाढतो, असे प्रश्न ज्या मुलाला खरोखर पडतात, त्याच्यासाठी हा विषय आहे. पेपरमधलं अर्थविषयक पान जो उलटून पुढे जातो, त्याला पदवीची तीन वर्षं जड जातील.

वर्गात नेमकं काय शिकवतात याचा एक नमुना देतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक दोन दिवसांत कोसळली. या बँकेचा बराच पैसा सरकारी हमीच्या, अगदी सुरक्षित समजल्या जाणाऱ्या रोख्यांत होता. मग झालं काय? समजा, १०० रुपयांचा, दहा वर्षांचा, वर्षाला २ टक्के व्याज देणारा रोखा तुम्ही घेतला. नंतर बाजारातला व्याजदर ५ टक्क्यांवर गेला. आता तुमचा २ टक्क्यांचा रोखा १०० रुपयांना कोण घेणार? हिशेब मांडला की त्याची किंमत सुमारे ७७ रुपये येते. मुदत संपेपर्यंत थांबलात तर १०० मिळतील, पण ठेवीदार दारात उभे असतील तर थांबता येत नाही. तोट्यात रोखे विकावे लागतात, त्याची बातमी फुटते आणि उरलेले ठेवीदारही धावत येतात. त्या बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या होत्या. हे ७७ रुपये कुठून आले ते कागद-पेन्सिल घेऊन शोधावंसं वाटलं, तर हा विषय तुमचा आहे. बारावीनंतर दिशा ठरवणाऱ्या मुलाची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

आंतरराष्ट्रीय वित्त म्हटलं की न्यूयॉर्क-लंडनच डोळ्यांसमोर येतं, पण ते नाशिकच्या द्राक्षबागेतही आहे. निर्यातदाराचा माल फेब्रुवारीत उरणच्या बंदरातून नेदरलँड्सला निघतो. माल पोचून, विकला जाऊन, हिशेब होऊन युरोत पैसे येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. समजा, ५०,००० युरो येणार आहेत. तेवढ्या काळात युरो ३ रुपयांनी उतरला तर दीड लाख गेले, आणि बागेतल्या कामात काही चूक झालेली नसताना गेले. म्हणून तो बँकेत जाऊन ‘फॉरवर्ड बुक’ करतो, म्हणजे तीन महिन्यांनंतरचा दर आजच पक्का करतो. हा दर बहुधा आजच्या दरापेक्षा थोडा जास्त असतो. असं का? त्याचं उत्तर भारत आणि युरोप यांच्या व्याजदरांतल्या फरकात आहे, आणि या विषयातलं एक अख्खं प्रकरण त्यावर आहे.

रुपया घसरला की हाच निर्यातदार सुखावतो. पण त्या सुखाची किंमत कोण मोजतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी रुपयाचाच प्रश्न घेतला आणि १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. चलन स्वस्त झाल्याने धंदेवाल्याला मिळणारा फायदा मजुराच्या पदरातून येतो, कारण महागाई आधी वाढते आणि मजुरी मागून, ही गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. शंभर वर्षांनंतरही हा वाद जिवंत आहे. विषय नोकरीपुरता शिकणाऱ्यांना त्याची गोडी कळत नाही, म्हणून मला वाईट वाटतं.

आता गणिताचं. ‘गणित कच्चं आहे म्हणून कॉमर्स घेतलं’ असं म्हणणाऱ्या मुलांना स्पष्ट सांगायला हवं की या विषयात गणितापासून सुटका नाही. संख्याशास्त्र, कलनशास्त्राची तोंडओळख आणि पुढे अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचं शास्त्र) लागतेच. अकरावी-बारावीला कॉमर्स घेतलंत तरी गणित सोडू नका.

मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बँकिंग अँड इन्शुरन्स, फायनान्शियल मार्केट्स, अकाउंटिंग अँड फायनान्स अशा पदव्या आहेत. त्या चांगल्या आहेत, पण महाविद्यालयागणिक दर्जा फार बदलतो. माझं मत विचाराल तर, खोलात जायचं असेल तर पदवीला अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र घ्या. वित्ताकडे पदव्युत्तरला वळा. त्यासाठी दूर जायलाही नको. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून आहे. मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला अर्थशास्त्र विभाग त्याहून जुना आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था तर रिझर्व्ह बँकेनेच १९८७ मध्ये काढली. रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून जायचं असेल तर अशी पदव्युत्तर पदवी लागतेच.

नोकऱ्या कुठे आहेत? बँकेची ट्रेझरी (बँकेचा पैसा, रोखे आणि परकीय चलन सांभाळणारा विभाग), कर्जप्रस्ताव तपासणारे विभाग, जोखीम व्यवस्थापन, आयात-निर्यातीची एलसीची (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीची) कामं. परदेशी बँकांची मोठी कार्यालयं पुण्या-मुंबईत आहेत. तिथे सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल असं काम मिळतं. ते दोन वर्षं मन लावून करावं, कारण बँक आतून कशी चालते हे तिथेच दिसतं. सोबत सीएफए (गुंतवणूक विश्लेषण) किंवा एफआरएमच्या (जोखीम व्यवस्थापन) परीक्षा देता येतात. शेअर ट्रेडिंगचे क्लास म्हणजे हा अभ्यास नव्हे. मोबाइलवर सौदे करून श्रीमंत होण्याच्या आशेने कोणी इकडे येत असेल तर त्याला वेळीच थांबवा.

परदेशी जायचा विचार बहुतेक घरांत होतो. इंग्लंडमध्ये ‘मनी, बँकिंग अँड फायनान्स’ या नावाचीच पदवी मिळते आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम वर्षात आटोपतो. पण बारावीनंतर लगेच, घर गहाण ठेवून जाऊ नये असं मी ठामपणे सांगतो. आधी इथे पदवी, मग दोन-तीन वर्षं नोकरी, मग परदेश. शिकून झाल्यावर तिथे काम करण्याच्या व्हिसाचे नियम सरकारं बदलत असतात, तुमच्या कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. ३० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला ४१ हजारांच्या पुढे हप्ता येतो. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिळवलं की तो आणखी वाढतो.

पालकहो, प्रवेशाची फी भरण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढा आणि मुलासोबत बसून वाचा. त्यात संख्याशास्त्र किंवा अर्थमिती, मध्यवर्ती बँकेचं धोरण आणि विनिमय दर हे विषय दिसत नसतील, तर पदवीचं नाव कितीही भारदस्त असलं तरी दुसरीकडे चौकशी करा. आणि कर्ज काढायचंच ठरलं, तर हप्त्याचा हिशेब तुम्ही करू नका, मुलाला करायला सांगा.