धान्यावाचून बेकिंग पावडर

महाराष्ट्रात पाऊस परतीच्या वाटेला लागतो, तेव्हा चेन्नईत तो येऊ लागलेला असतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि याच दिवसांत कार्तिकी एकादशीही येते. नोकरीनिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरात त्या दिवशी राजगिऱ्याच्या आणि शिंगाड्याच्या पिठाचा केक करावयाचे ठरते. पिठे उपवासाची, दूध, साखर, तूप यांचीही अडचण नाही. मग कोणीतरी बेकिंग पावडरच्या डब्यावरील बारीक अक्षरे वाचते आणि हात थांबतो. घटकांच्या यादीत मक्याचे स्टार्च लिहिलेले असते.

हा प्रश्न केवळ व्रताचा असता, तर घराघराच्या रीतीप्रमाणे सुटला असता. कोणाला सोडाही उपवासाला चालत नाही, तर कोणी वरी हे तृणधान्य असूनही ती आवडीने खातात. परंतु ज्या व्यक्तीला मक्याची ॲलर्जी आहे, तिच्या दृष्टीने चिमूटभर स्टार्चही महत्त्वाचे ठरते. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. सीलिॲक हा विकार असलेल्यांना गहू, जव यांतील ग्लुटेन हे प्रथिन बाधते. मक्यात ते ग्लुटेन नसते. म्हणूनच ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेल्या डब्यात धान्य नसेलच, असे म्हणता येत नाही. भारतात २०२० साली अन्नपदार्थांच्या वेष्टनांविषयी जे नियम झाले, त्यांत ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांचा स्वतंत्र उल्लेख बंधनकारक आहे. ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादी पदार्थ त्या यादीत आहेत, मका नाही. त्यामुळे ठळक सूचनेवर विसंबून न राहता घटकांची संपूर्ण यादी वाचणे हाच एक उपाय उरतो.

मग हे स्टार्च बेकिंग पावडरमध्ये घालतातच कशासाठी? केक फुगण्याशी त्याचा संबंध नाही. ते काम इतर दोन घटक करतात. खाण्याचा सोडा आम्लारिधर्मी असतो. त्याच्या जोडीला एखादे कोरडे आम्लधर्मी चूर्ण असते. दोन्ही कोरडी असेपर्यंत शेजारी शेजारी शांत राहतात. पाणी लागताच त्यांची अभिक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे पिठात अडकून पदार्थ हलका होतो. स्टार्च या दोघांच्या मध्ये पहारेकऱ्यासारखे उभे असते. हवेतील ओलावा ते स्वतःत ओढून घेते आणि दोघांना वेळेआधी भेटू देत नाही. हे काम धान्याच्याच स्टार्चने करावे असा काही नियम नाही. कंदाचे स्टार्चही ते तितक्याच निष्ठेने करते.

बेकिंग पावडरचा उगमही घरातील एका पथ्यातून झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिला पाव खाता यावा म्हणून त्यांनी १८४३ साली यीस्टवाचून पीठ फुगविणारे हे चूर्ण तयार केले. तिला अंडीही चालत नसत. तिच्यासाठी त्यांनी बिनअंड्याचे कस्टर्ड आधीच, १८३७ मध्ये, केले होते. गंमत अशी, की ते मक्याच्या पिठाचे होते.

चेन्नईत कंदाचे स्टार्च मिळण्यास अडचण नाही. महाराष्ट्रातील उपवासाच्या खिचडीत पडणारा साबुदाणा मुख्यत्वे तमिळनाडूतील सेलम भागातूनच येतो आणि तो टॅपिओका या कंदाच्या स्टार्चपासून बनतो. तमिळ भाषेत त्याला ‘जव्वरिसि’ म्हणतात. ‘अरिसि’ म्हणजे तांदूळ. नावात तांदूळ आहे, पदार्थात मात्र त्याचा कणही नाही. टॅपिओकाचे स्टार्च किंवा तवकीर, म्हणजेच आरारूट, यांपैकी काहीही वापरावे. आरारूट घेताना मात्र वेष्टन वाचावे, कारण त्या नावाखाली मक्याचे स्टार्चही विकले जाते.

आम्लासाठी क्रीम ऑफ टार्टर घ्यावे. द्राक्षरसापासून मद्य तयार होताना पिंपांच्या आत जे स्फटिक जमतात, ते शुद्ध करून हे चूर्ण मिळते. त्यात मद्याचा अंश नसतो. चिंचेला आंबटपणा देणारे टार्टारिक आम्ल आणि हे चूर्ण एकाच कुळातील होत.

प्रमाण वजनाने घेणे उत्तम. १० ग्रॅम सोडा, २२ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर आणि १० ग्रॅम स्टार्च. सोडा आणि आम्ल यांच्या या प्रमाणात दोन्ही एकमेकांना पुरते पडतात. सोडा उरला, तर केकला साबणासारखी चव येते आणि रंग पिवळट पडतो. तिन्ही चूर्णे बारीक चाळणीतून दोन-तीन वेळा एकत्र चाळावीत. चमचा, चाळणी आणि बरणी ही पूर्ण कोरडी हवीत. चेन्नईच्या दमट हवेत ‘वाळलेली दिसते’ एवढ्यावर भागत नाही. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत महिनाभर पुरेल एवढीच पावडर करावी. मोठा साठा सादळतो. सादळलेली पावडर डोळ्यांना कळत नाही, म्हणून वापरण्यापूर्वी अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. ती जोराने फसफसली, तर जिवंत आहे.

एका कप पिठास एक लहान चमचा पावडर पुरते. ती ओल्या मिश्रणात पडल्याबरोबर काम सुरू करते. बाजारातील पुष्कळ पावडरी उष्णता मिळाल्यावर दुसऱ्यांदा वायू सोडतात. ही तशी नाही. त्यामुळे ओव्हन किंवा कुकर आधी तापवून ठेवावा आणि मिश्रण लगेच आत घालावे. शिवाय राजगिरा-शिंगाड्यात वायू धरून ठेवणारे ग्लुटेन नसते; उकडून कुस्करलेले रताळे घातल्यास मिश्रण बांधले जाते, तरी केक मैद्याच्या केकाइतका फुगणार नाही.

शब्दार्थ : आम्लारिधर्मी – आम्लाच्या विरुद्ध गुणधर्म असलेले, सादळणे – दमट हवेने ओलसर होणे.

प्रश्न
१. ‘ग्लुटेनमुक्त’ आणि ‘धान्यमुक्त’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. स्टार्चला ‘पहारेकरी’ का म्हटले आहे?
३. आपल्या स्वयंपाकघरातील कोणत्याही एका डब्यावरील घटकांची यादी उतरवून घ्या व त्यांतील धान्यजन्य घटक अधोरेखित करा.