बाराव्या स्लॅबचा दाखला

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नोकरी करतो. कंपनीत माझी भागीदारी नाही. महारेराच्या फॉर्म २ वर इंजिनिअर म्हणून माझीच सही असते. अकरा स्लॅब झालेत, पण या तिमाहीत बारावाही झाला असं धरून खर्च दाखवा, असा आग्रह आहे. ‘सगळी जबाबदारी कंपनीची’ असं पत्र द्यायला साहेब तयार आहेत. सही करावी का? साइटवर अपघात झाला तर मलाही धरतील का? माझ्याकडे पीएमपी सर्टिफिकेट आहे, त्याचा काही आधार मिळेल का?

उत्तर : सही करू नका. आणि ते पत्र तर मुळीच घेऊ नका.

रेरा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि काम जेवढं पुढे सरकलं असेल तेवढ्याच प्रमाणात ते काढता येतात. काम किती सरकलं, हे ठरतं आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांच्या दाखल्यांवरून. म्हणजे तुमच्या सहीवर लोकांचे पैसे खात्यातून बाहेर पडतात. उद्या ते दुसऱ्याच जमिनीत अडकले आणि इमारत अकराव्यावरच थांबली, तर ग्राहकांचा वकील आधी हे तीन कागद मागवेल. कायद्याने द्यावा लागणारा दाखला खोटा आहे हे माहीत असून त्यावर सही करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली गुन्हा आहे. त्याला खोटी साक्ष देण्याचीच शिक्षा आहे आणि न्यायालयीन कामकाजाबाहेरच्या प्रकरणात ती तीन वर्षांपर्यंत कैदेची असू शकते. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून केलं’ हा यावर बचाव होत नाही.

साहेबांचं पत्र तर तुमच्याच विरुद्ध जाईल. नुकसानभरपाईची हमी करार कायद्यात बसते, पण बेकायदा कामासाठी दिलेली हमी कोर्ट उचलून धरत नाही आणि तुमच्या वाटची कैद कंपनी भोगू शकत नाही. शिवाय दाखला खोटा असल्याचं तुम्हाला आधीच ठाऊक होतं, हे सिद्ध करायला सरकारी वकिलाला याहून चांगला कागद मिळणार नाही!

आता अपघाताचं. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत नेली. हा गुन्हा जामीनपात्र आहे. धोका माहीत असूनही काम चालू ठेवलं असा आरोप आला तर कलम १०५ लागू शकतं. तो सदोष मनुष्यवध, अजामीनपात्र आणि दहा वर्षांपर्यंत कैदेचा. इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या हयगयीचं जुनं कलम आता २९० म्हणून आलं आहे आणि त्यात ‘बांधताना’ची भर पडली आहे; तुमच्या व्यवसायातल्या फार थोड्या लोकांनी ही भर वाचली असेल.

नुसत्या हुद्द्यामुळे मात्र कुणी दोषी ठरत नाही. तुमची स्वतःची हयगय होती आणि तिच्यामुळेच मृत्यू झाला, हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. तरी हुद्दा आडही येत नाही. भोपाळ प्रकरणात ७ जून २०१० रोजी ज्या सात जणांना शिक्षा झाली, त्यांत कंपनीच्या अध्यक्षांबरोबर वर्क्स मॅनेजर आणि प्रॉडक्शन मॅनेजरही होते.

पीएमपीबद्दल अनेकांचा गैरसमज आहे. ते पीएमआय या अमेरिकेतल्या खासगी संस्थेचं प्रमाणपत्र आहे. नोकरीत बढतीला उपयोगी, पण आपल्याकडे तो परवाना नव्हे. आर्किटेक्टसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. प्रोजेक्ट मॅनेजरसाठी तसा कायदा नाही. कोर्टात हे प्रमाणपत्र उलटूही शकतं. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संदर्भात सांगितलेलं तत्त्व इतर व्यावसायिकांनाही लागू होतं : जे कौशल्य असल्याचं तुम्ही सांगता, ते असलेल्या सर्वसाधारण माणसाइतकी काळजी तुम्ही घेतली का? भिंतीवर पीएमपी टांगलेल्या माणसाला ‘मला एवढं कळत नव्हतं’ म्हणणं अवघड जातं. व्यावसायिक दायित्वाचा विमा काढावा असं मी जरूर सांगेन, पण जाणूनबुजून दिलेल्या खोट्या दाखल्याला तो सहसा उपयोगी पडत नाही.

मग करायचं काय? अकरा स्लॅबचा खरा फॉर्म तयार करा आणि ‘प्रत्यक्ष कामाप्रमाणे’ एवढ्याच ओळीसह मेलने पाठवा. फोनवर वाद घालू नका. तोंडी सूचना आली की ‘आपण असं सांगितलंत’ म्हणून लेखी उत्तर द्या. क्यूब टेस्टचे रिपोर्ट, तारखेचे फोटो, रोजचा साइट रिपोर्ट वेळच्या वेळी भरा. सेफ्टी नेट नाही, सेंटरिंग कच्चं आहे, असं दिसलं तर काम थांबवण्याची सूचना कॉन्ट्रॅक्टरला कागदावर द्या आणि पोच घ्या. अपघातानंतर लिहिलेल्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवत नाही. नोकरी सोडायची वेळ आलीच, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माहितीत इंजिनिअर म्हणून तुमचं नाव आहे का ते बघा आणि अमुक तारखेपासून तुमचा संबंध संपल्याचं कंपनी व महारेरा, दोघांनाही लेखी कळवा.