जीवसृष्टीचा वंशवृक्ष कसा वाचावा?

उत्क्रांतीच्या पाठात येणारी वंशवृक्षाची आकृती आपले बरेच विद्यार्थी पाठ करतात, पण वाचत नाहीत. शिरूर-दौंडच्या विद्यार्थी मित्रांसाठी तिची वाचण्याची रीत येथे थोडक्यात देत आहोत.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. शिरूरच्या उसात बिबट्या आहे, दौंडच्या माळावर लांडगा आहे, शेजारी बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे आणि मांजर तर घरोघरी आहे. कागदावर एक उभी रेघ काढा. ही मूळ पूर्वजाची. तिला पहिला फाटा फोडा : एक फांदी चिंकाऱ्याची, दुसरी उरलेल्या तिघांची. या दुसऱ्या फांदीला पुन्हा फाटा : एकीकडे लांडगा, दुसरीकडे मांजरकुळ. मांजरकुळाला शेवटचा फाटा : मांजर आणि बिबट्या. शेंड्यांवर आज हयात असलेले प्राणी आले. प्रत्येक फाट्यावर त्यांचा सामाईक पूर्वज.

नियम पहिला : नाते शेजारावरून नव्हे, फाट्यावरून ठरते. शेंड्यांवर चिंकारा, लांडगा, मांजर, बिबट्या असा क्रम आला. मग लांडगा बिबट्यापेक्षा मांजराला जवळचा काय? नाही. दोघांपाशी पोहोचण्यासाठी त्याला एकाच फाट्यापर्यंत मागे यावे लागते, म्हणून नाते सारखेच. चिंकारा शेजारी असूनही लांडग्याला दूरचा, कारण त्यांचा फाटा अधिक जुना. फाट्यापाशी फांद्यांची अदलाबदल केली तरी अर्थ बदलत नाही.

नियम दुसरा : एका शेंड्यावरचा जीव दुसऱ्या शेंड्यावरच्या जीवाचा पूर्वज नसतो. आजच्या चिंपांझीपासून माणूस झालेला नाही. दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला.

नियम तिसरा : हा वृक्ष आहे, शिडी नव्हे. माणूस टोकाला छापला म्हणजे तो वरच्या पायरीवर बसला असे होत नाही. सगळे शेंडे आजच्याच काळातले आहेत. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात एकच आकृती दिली, तीही फांद्यांचीच.

हा तिसरा नियम आपण विशेष ध्यानात ठेवावा. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकात ‘जाती’ म्हणजे आपसांत प्रजनन करून प्रजननक्षम संतती देणाऱ्या जीवांचा गट. या अर्थाने सर्व माणसांची जात एकच. वंशवृक्षावर माणसाला एकच शेंडा आहे. गावातल्या जातींना तेथे फांदी नाही, मग उच्चनीचता कोठून येणार? सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात भगवान बुद्ध हेच समजावतात : गवत, झाडे, किडे, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात भेदाच्या खुणा आहेत, माणसामाणसांत तशा नाहीत. बाबासाहेबांनीही १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले, की जातिभेद हा वंशभेद नसून एकाच वंशाच्या लोकांत समाजाने पाडलेली विभागणी आहे. समाजाने पाडलेली विभागणी समाजालाच मोडता येते.

अभ्यासासाठी एक प्रश्न देतो. घुबड, वटवाघूळ आणि उंदीर यांचा वंशवृक्ष काढा. घुबड व वटवाघूळ दोघेही उडतात. पण पिलांना दूध कोण पाजते ते आधी पाहा, आणि मगच फाटा फोडा.

जयभीम!